पुट ऑफचा दुसरा अर्थ
इंग्रजीतल्या 'पुट ऑफ' (put off) चा पुढे ढकलणे हा अर्थ बरोबरच आहे, पण 'पुट ऑफ' म्हणजे फक्त तेवढंच असं काही जण म्हणतात ते नाही पटलं. 'द स्मेल पुट मी ऑफ' यात कुणी काहीच पुढे ढकलत नाहीये, वासानेच खायची इच्छा मेली असा अर्थ आहे, आपण मन उडालं म्हणतो ना अगदी तसं, आणि ऑफ-पुटिंग हे विशेषण पण याच अर्थाचं. आणि हो, सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं, 'पुट इट ऑफ' म्हणायचं, 'पुट ऑफ इट' चूक. मीटिंग पुट ऑफ केली म्हणजे ती नंतर होणार, कॉल ऑफ केली म्हणजे रद्दच, मेल लिहिताना हे दोन्ही कृपया एक समजू नका.