लंडन १९१०: गामांना झिबिस्को अडीच तास चीत का झाला नाही?

लालमाती: १० सप्टेंबर १९१० ला शेफर्ड्स बुशच्या स्टेडियमवर गामा पहिलवानांनी पोलंडच्या मल्ल झिबिस्कोला सुरुवातीलाच खाली घेतलं, पण अडीच तासांत पाठ लागली नाही. महिन्यापूर्वीच अल्हाम्ब्रा थिएटरात अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला त्यांनी १ मिनिट ४० सेकंदांत आणि दुसऱ्या फेरीत ९ मिनिटं १० सेकंदांत चीत केलं होतं. मग इथे अडलं कुठे?

घिस्सा_कलाजंग: नियमांत अडलं. ही 'कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन' कुस्ती. दोन्ही खांदे एकदम गादीला टेकले तरच निकाल, गुण वगैरे नाहीत. खाली पडून राहिलं म्हणून आजच्यासारखा गुण जात नव्हता. झिबिस्कोने तेच धरलं: पालथा, कोपरं बरगड्यांना घट्ट, गुडघे फाकलेले, कंबर खाली. अशा मल्लाला उलटवायला हाफ नेल्सन लावायचा तर हात त्याच्या काखेतून मानेवर न्यावा लागतो. कोपर सुटलंच नाही तर हात आत शिरत नाही, आणि मानेवर तरफ मिळत नाही. बाजूने उचलायला जावं तर तो त्याच बाजूचा गुडघा बाहेर टाकून पाया रुंद करतो.

तांबडी_गादी: वरचं बरोबर, पण वजन विसरू नका. गामा साधारण ९० किलो, झिबिस्को त्यांच्यापेक्षा निदान २० किलो जड. त्यात गादी. मातीत घामावर माती बसते, पकड टिकते. म्हणून तर आपल्याकडे पकड सुटायला लागली की मल्ल मूठभर माती अंगाला चोळतो. गादीवर अर्ध्या तासात घामाने अंग निसटतं, आणि खालच्याला नुसतं घट्ट राहायचं असतं, डाव टाकायची गरजच नसते. माझ्या मते वजनाइतकाच हा घामही नडला.

लालमाती: म्हणजे कुस्ती बरोबरीत सुटली, तरी विजेत्याचा पट्टा गामांना कसा?

घिस्सा_कलाजंग: १७ सप्टेंबरला पुन्हा जोड लागली होती. झिबिस्को मैदानात आलाच नाही. गामांना विजयी ठरवून 'जॉन बुल' पट्टा आणि २५० पौंड दिले. त्यावरून सरसकट 'जगज्जेते' लिहितात, तिथे जरा जपून. तेव्हा जगज्जेता मानला जाणारा फ्रँक गॉच अमेरिकेत होता. त्याने १९०८ ला शिकागोत आधीच्या जगज्जेत्या हॅकनश्मिटला हरवलं होतं, आणि या दोघांपैकी कुणाशीही गामांची कुस्ती झाली नाही. ती झाली असती तर निकाल काय लागता, यावर मी तरी गामांच्या बाजूने उभा राहीन.

तांबडी_गादी: झिबिस्कोशी दुसरी गाठ पडली जानेवारी १९२८ ला, पतियाळात. दोघेही पन्नाशीला टेकलेले. यावेळी खाली माती होती, आणि गामांनी त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं.