शब्दचर्चा: ‘विकासात्मक विलंब’ – लेकराच्या घरी जाऊन म्हणायचं काय?

गोदाकाठ
अंगणवाडी सेविकांसाठी घरभेटीचं एक पानाचं टिपण लिहितेय. वरून आलेल्या साहित्यात ‘विकासात्मक विलंब’ (वयाच्या मानानं बसणं, चालणं, बोलणं उशिरा येणं), ‘शीघ्र हस्तक्षेप’ (लवकर तपासून लवकर उपचार सुरू करणं), ‘दिव्यांग बालक’ असे शब्द आहेत. बैठकीत ते चालून जातात. पण ओसरीवर आई बसलेली, शेजारी सासू, मांडीवरचं सात महिन्यांचं लेकरू अजूक मान धरीना, तिथं हे शब्द तोंडातून निघत नाहीत. सेलू-मानवतकडं माझ्या कानावर येतात ते शब्द असे: ‘मागं पडलंय’, ‘अंगात जोर नाही’, ‘पाय टाकीना’, ‘बोल फुटंना’, आणि लेकरू थोडं मोठं झालं की सरळ ‘येडं’. ‘मतिमंद’ वापरायचा नाही हे आमच्यात पक्कं आहे. मग वापरायचं काय? तुमच्याकडचे शब्द सांगा, छटेसकट.

बालाघाट
आधी कागदावरचे शब्द बघू. ‘मंद’ मुळात शिवी नाही. संस्कृतात सावकाश जाणारा तो मंद. शनीचंही ते एक नाव आहे, तो राशींमधून सावकाश फिरतो म्हणून. ‘मतिमंद’ शाळांच्या पाट्यांवर बसला, पाटीवरून गल्लीत उतरला आणि पोरं एकमेकांना त्यानंच चिडवू लागली. सौम्य म्हणून ‘गतिमंद’ आणला, त्याचीही तीच गत झाली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार धरले आहेत. ‘दिव्यांग’ हा शब्द 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सुचवला, त्यानंतर तो सरकारी कागदांत रुळला, आणि 2022 पासून आपल्या राज्यात दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभागच आहे. अर्जावर, ओळखपत्रावर तोच लिहावा लागेल. पण दीड वर्षाच्या लेकराच्या आईशी पहिल्यांदा बोलताना तो काढूच नये, असं माझं ठाम मत आहे. तपासणी झालेली नाही, त्याआधी लेकराला नाव कसलं ठेवायचं? डॉक्टरसुद्धा पाच वर्षांखालच्या मुलावर बौद्धिक अक्षमतेचा शिक्का मारायची घाई करत नाहीत. दोन किंवा जास्त बाबतींत मूल बरंच मागं असेल तर ‘जीडीडी’ (ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले) लिहितात आणि पुढं पुन्हा तपासतात.

रेणाकाठची आई
मला ‘विलंब’ आणि ‘उशीर’ या दोन्हींबद्दल बोलायचं आहे. उशीर झालेली एसटी शेवटी येतेच. म्हणून ‘थोडा उशीर आहे’ एवढं कानावर पडलं की घरचे निवांत होतात. माझा मुलगा सातव्या महिन्यात झाला, काचेत ठेवला होता. आठ महिन्यांचा झाला तरी मान लटपटायची. उजवी मूठ कायम आवळलेली, अंगठा मुठीच्या आत. अंघोळ घालताना मी ती मूठ उघडून आतला मळ पुसायचे, की पुन्हा मिटायची. दवाखान्यात सांगितलं, ‘कमी दिवसांचं आहे, उशीर होणारच, वाट बघा.’ घरी म्हणाले, ह्याचा बाप बी उशिराच चालला. सासूबाईंनी बोल फुटावेत म्हणून वेखंड उगाळून चाटवलं. माया सगळ्यांनाच होती आणि सगळे वाट बघत होते. ‘मूठ उघडंना, हे दाखवून आणा’, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. पुढं सीपीचं (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं) निदान झालं. सीपीच्या मुलांसाठी लातूरजवळ हरंगुळला संवेदना केंद्र आहे, हेही मला निदानानंतर कळलं.

आम्ही आया आपसात ‘सीपी’च म्हणतो. ‘स्पीचला चालले’, ‘फिजिओ चालू आहे’ असं बोलतो. या शब्दांना लाज चिकटलेली नाही. पण ते निदानानंतरचे. सेविकेला निदानाआधीचं बोलणं हवं आहे, आणि तिथं नाम नको, क्रियापद हवं. ‘मान धरीना’, ‘हाक मारली तर बघंना’, ‘बोटानं दाखवंना’, ‘एकाच हातानं घेतं’. त्यावर सासूला वाद घालता येत नाही, कारण ती स्वतः लेकराकडं बघून खातरजमा करू शकते.

बालाघाट
पटलं. विलंबचा धातू लंब्, म्हणजे लोंबणं. त्यावरून रेंगाळणं, मागं राहणं. गाण्यातली विलंबित लय तीच. नुसता वेगाचा शब्द आहे, ‘आता काहीतरी करा’ असं त्यात कुठंच नाही. त्या मानानं ‘मागं पडलंय’ बरा. मागं पडलेल्याला हात द्यायचा असतो, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

कोपीवरून
बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या लेकरांसोबत काम करतो. ‘शीघ्र हस्तक्षेप’ हा शब्द घरभेटीतून काढूनच टाका. मराठीत हस्तक्षेप न्यायालय करतं, पोलीस करतात, नाहीतर भावकीच्या भांडणात तिसरा करतो. ‘तुमच्या लेकरात हस्तक्षेप करू’ म्हटल्यावर कुठली आई पुढं येईल? जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे अशा लेकरांना तपासून उपचार करायचं सरकारी केंद्र असतं, त्याला ‘सिव्हिलमधलं लेकरांचं डीईआयसी’ असंच म्हणा. आणि तिथं दाखवायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. बरेच बाप त्या कागदाच्या धास्तीनं थांबतात.

‘शीघ्र’चं म्हणाल तर आमच्याकडं त्याला नेमका शब्द आहे: ‘टोळी हलायच्या आधी’, म्हणजे घरचे ऊसतोडीला गाव सोडायच्या आत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्यात अंगणवाडीतल्या लेकरांची तपासणी वर्षातून दोनदा व्हायची असते. पण दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी आली की धारूर, वडवणी, पाटोद्याकडची वस्तीच्या वस्ती रिकामी होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी धरतात. लेकरू उसाच्या फडाच्या कडेला नाहीतर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या हंगामातली तपासणी हुकते ती हुकतेच, आणि लेकराच्या वयातले ते पाच-सहा महिने फार मोलाचे असतात. आईला विचारलं तर ‘गावाकडं गेल्यावर दाखवू’ म्हणते. म्हणून सेविकांना सांगा, गणपतीच्या आतबाहेर या घरांना आधी जा. माता बाल संरक्षण कार्ड आईच्या बोचक्यात टाकायला लावा, म्हणजे कारखान्यावर कुणी तपासायला आलं तर मागचं कळेल. आणि बहिणीला जरूर विचारा. लेकरू कुठल्या बाजूला झुकतं, घास कसा गिळतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. टिपणात आता असं लिहिते:

‘ताई, चार महिन्यांपर्यंत लेकरानं मान धरावी, नऊ महिन्यांपर्यंत बिनआधाराचं बसावं, दीड वर्षापर्यंत चालावं, दोन वर्षांपर्यंत ‘आई पाणी’, ‘दादा ये’ असे दोन शब्द जोडावेत. तुमचं लेकरू अजूक बसंना. का बसंना ते सिव्हिलमधल्या डीईआयसीत बघतात. पैसे लागत नाहीत. काही नाही, घाबरू नका.’

‘बोल फुटंना’च्या पुढं कंसात टाकते: आधी कान तपासा, बेरा ही ऐकू येतं का बघायची तपासणी करून घ्या. ऐकूच येत नसेल तर बोलणार कसं, आणि हे वेखंडानं सुटत नाही. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातात. त्यांनाही हेच पान देणार आहे, म्हणजे दोघींच्या तोंडी एकच भाषा राहील.

रेणाकाठची आई
‘काही नाही, घाबरू नका’ तेवढं काढा ताई. ‘काही नाही’ म्हटलं की तिथंच बोलणं संपतं, आणि जायचं राहून जातं. त्याऐवजी कुठल्या वारी जायचं ते लिहा, आणि ‘मी सोबत येते’ असं लिहा. मला तेवढं कुणी म्हटलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी निघाले असते.

गोदाकाठ
काढलं. वार लिहायला रकाना ठेवते. प्रत्येक वेळी सोबत जाणं एका सेविकेला जमणार नाही, म्हणून ‘मी किंवा आशाताई’ असं करते. हिंगोली-नांदेडकडच्यांनी ‘पाय टाकीना’, ‘मान धरीना’ला तिकडं काय म्हणतात ते कळवा. आणि तांड्यांवर जाणाऱ्या कुणाला गोरमाटीतले (बंजारा बोलीतले) शब्द माहीत असतील तर तेही हवेत. आमच्या हद्दीत दोन तांडे आहेत आणि तिथल्या आजीबाईंशी मराठीत बोलून भागत नाही.