कृष्णेचं पाणी मोजताना सागाच्या वर्तुळांची साक्ष घ्यावी का?

पंचगंगाकाठ

पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, त्यामुळे कृष्णेच्या वाटपात ठरणाऱ्या प्रत्येक आकड्याशी कोल्हापूरचा संबंध आहे. हे आकडे आले कुठून? राज्यांमध्ये कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने 1894-95 ते 1971-72 ही 78 वर्षं धरली आणि 75 टक्के भरवशाचं, म्हणजे चारातल्या तीन वर्षी तरी मिळेल असं पाणी 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवलं. नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने 1961-62 ते 2007-08 ही 47 वर्षं धरली, तर त्याच 75 टक्क्यांना 2173 टीएमसी निघाले. फरक शंभर टीएमसीच्या वर. आपलं राधानगरी धरण साडेआठ टीएमसीचंही नाही, यावरून अंदाज घ्या.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं वाटप 1922 साली असंच थोड्या वर्षांच्या नोंदींवर झालं. दोन खोऱ्यांना मिळून दीड कोटी एकर-फूट, म्हणजे साधारण 650 टीएमसी वाटून टाकले. 1976 मध्ये स्टॉकटन आणि जेकबी या अभ्यासकांनी जुन्या झाडांची वर्तुळं मोजून मागच्या काही शतकांचा प्रवाह काढला. खोडात दर वर्षी एक वर्तुळ वाढतं आणि पाणी कमी पडलं की ते अरुंद राहतं, त्यावरून हा हिशेब. सरासरी निघाली 590 टीएमसीच्या आसपास. करार झाला ती वर्षं नेमकी जास्त पावसाची होती. नदीत नाही ते पाणी कागदावर वाटलं गेलं आणि त्याचं भांडण आजही चालू आहे.

माझं म्हणणं इतकंच, की कृष्णेच्या उगमाकडच्या पट्ट्यात सागाच्या वर्तुळांची लांब मालिका तयार व्हावी आणि पुढच्या कुठल्याही वाटपाआधी ती टेबलावर असावी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळच्या सागावर 1481 ते 2003 अशी 523 वर्षांची मालिका बांधली आहे. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागर तापून इकडे पाऊस घटतो अशा वर्षांत तिथली वर्तुळं अरुंद आहेत. केरळात झालं ते इथे का होऊ नये?

घाटमाथा

पंचगंगाकाठ, कोलोरॅडोचं उदाहरण चांगलं आहे, पण ते कोरड्या मुलखातलं आहे. तिथे झाडाला पाणीच कमी पडतं, म्हणून त्याची वाढ पाण्यावर ठरते. आपल्या कृष्णा-पंचगंगेचं पाणी येतं ते गगनबावडा, दाजीपूर, महाबळेश्वरच्या माथ्यावरून. तिथे हजारो मिलीमीटर पाऊस पडतो. पाऊस चार हजार झाला काय आणि सहा हजार झाला काय, झाडाला दोन्ही पुरून उरतात. शिवाय तिथली जांभूळ, अंजनी ही सदाहरित झाडं, त्यांना वर्षाचं स्पष्ट वर्तुळच नसतं. साग पानगळीचा, पण तो अतिपावसाच्या माथ्यावर वाढत नाही. म्हणजे नदी जिथून भरते तिथे साक्षीदार नाही आणि साक्षीदार जिथे आहे तिथून नदी भरत नाही. एवढ्या दुबळ्या पायावर कृष्णेचा आकडा उभा करायला माझा विरोध आहे.

मोडीवाचक

माझाही विरोध, कारण मात्र वेगळं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडून आहेत. कोणत्या साली पीक बुडालं, कुठल्या गावाला साऱ्यात सूट दिली, अशा नोंदी जुन्या दप्तरांत सापडतात. माणसाने त्या वेळी लिहिलेलं ते. ते वाचायला माणसं नाहीत, पैसा नाही, आणि आपण वर्तुळं बघायला झाडाला भोक पाडायच्या गोष्टी करतो? आधी घरातलं दप्तर उघडा.

पंचगंगाकाठ

मोडीवाचक, दप्तर उघडाच, माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण सूट दुष्काळामुळेच मिळते असं नाही. फौज गेली, टोळ आले, पाटलाने वजन वापरलं, तरी मिळते. शिवाय जिथे लढाई चालू आहे तिथे त्या वर्षीचा कागदच नसतो. झाडाच्या वर्तुळात राजकारण शिरत नाही. दोन्ही साक्षी एकमेकींसमोर ठेवल्या तरच खरं काय ते कळेल. 2010 साली एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी आशियाच्या मोसमी पट्ट्यातल्या तीनशेहून अधिक ठिकाणच्या झाडांवरून दुष्काळांचा नकाशासंग्रह केला. त्यात 1876-78 चा दुष्काळ ठळक दिसतो, जो आपल्या कागदांतही आहे. 1790-96 चाही दिसतो. ज्या सालाला कागद आणि झाड दोन्ही एकच सांगतात, तिथे वाद संपतो.

आणि भोक म्हणाल तर ते पाच मिलीमीटरचं. पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी निघते, झाड मरत नाही. वनखात्याची परवानगी अर्थातच लागते.

घाटमाथा यांचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर नंतर सविस्तर लिहितो.

सागवान वखार

आमचा धंदाच लाकडाचा. जुन्या वाड्याची तुळई कापली की टोकाला बारीक पॉलिश पेपर मारा आणि ओलं फडकं फिरवा. दर वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग दिसते, नुसत्या डोळ्यांनी. पुढे छिद्रं बारीक होत जातात आणि पुन्हा मोठ्यांची रांग. काही ठिकाणी दहा वर्षं बोटभर जागेत, काही ठिकाणी तीच दहा वर्षं नखाएवढ्या जागेत कोंबलेली.

पण दोन अडचणी सांगतो. एक, सुतार बाहेरचा पांढरा भाग तासून टाकतो, कारण त्याला कीड लागते. झाडाची सालीकडची कड गेली म्हणजे ते कुठल्या वर्षी तोडलं ते नक्की कळत नाही. दुसरी मोठी. ते लाकूड आलं कुठून? दांडेलीकडचं का ब्रह्मदेशाचं? बर्मा टीक इकडे भरपूर आलाय. ब्रह्मदेशातल्या पावसावरून पंचगंगेचा हिशेब करून बसाल.

घाटमाथा

वखारवाल्यांनी नेमकं सांगितलं. त्यात भर म्हणजे अवकाळी पाऊस झाला की कधी एका वर्षात दोन वर्तुळांचा भास होतो आणि फार वाईट वर्षी वर्तुळ गायबही होतं.

पंचगंगाकाठ

म्हणूनच तर एका झाडावर कुणी विसंबत नाही. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी ॲरिझोनात हेच शिकवलं: अनेक झाडांच्या रुंद-अरुंद वर्तुळांची क्रमवारी एकमेकांशी जुळवायची. एका झाडात वर्तुळ हरवलं तर बाकीच्यांत सापडतं. तुळईचं मूळही याच जुळणीतून तपासता येतं. दांडेलीच्या जिवंत सागाशी क्रम जुळला तर ती तिकडची आणि कुठेच जुळली नाही तर बाजूला ठेवायची.

आता माथ्यावरच्या पावसाचं. अतिपावसातलं झाड पावसाची तक्रार करत नाही, हे मान्यच. म्हणून नमुने घ्यायचे ते माथ्याच्या पूर्वेला, भुदरगड-पन्हाळ्याच्या उतारावर, पातळ मातीच्या खडकाळ जागी. मोसमी पाऊस कमजोर पडतो तेव्हा साधारण माथ्यावर आणि उतारावर दोन्हीकडे कमीच पडतो. हा संबंध किती घट्ट आहे ते गेल्या शतकाच्या पर्जन्यमापकांशी ताडून बघता येतं. अर्धी वर्षं सूत्र बांधायला वापरायची, उरलेली अर्धी ते सूत्र तपासायला. नाही टिकलं तर नाही टिकलं, तसं छापा. पण तपासायच्या आधीच नको म्हणणं मला पटत नाही.

शिरोळकर

दादा, तुमचं समदं वाचलं. माझा प्रश्न सरळ हाय. 2005 ला पाणी, 2019 ला पाणी, 2021 ला पाणी. आमचा ऊस आणि घर दोन्ही बुडतंय. झाड पूर सांगंल का? आणि दुसरं, समजा झाड म्हणालं की आदी पाणी आणखी कमी हुतं, तर आमचा वाटा कापणार का? आमी आमच्याच विरोधात साक्ष का गोळा करायची?

पंचगंगाकाठ

शिरोळकर दादा, तुमचा पूर पाच-सात दिवसांचा असतो आणि वर्तुळ हंगामाचं असतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेलं की नाही, हे साग सांगणार नाही. ब्रह्मपुत्रेवर मात्र 2020 साली सातशे वर्षांचा प्रवाह झाडांवरून काढला आणि दिसलं की 1956 ते 1986 ही मोजणीची वर्षं फार कोरड्यांपैकी होती. म्हणजे मोजणीवर विसंबलं तर पुराचा धोका कमी वाटतो. आपली लाल पूररेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणतात, ती काही दशकांच्या नोंदींवरून काढलेली असते. ती दशकं कोरडी होती का ओली, एवढं तरी कळायला हवं.

वाट्याचं म्हणाल तर खोटा मोठा आकडा तुमच्या भल्याचा नाही. कागदावर पाणी असतं, त्या भरवशावर उपसा योजना होतात, कर्ज काढून पाइपलाइन टाकली जाते, आणि वाईट वर्षी पहिली उपसाबंदी शेतकऱ्यावर येते.

शिरोळकर

उपसाबंदीचं खरं हाय. पण कर्नाटकानं हाच कागद लवादापुढं नाचवला तर? साक्ष काढायची तर तिन्ही-चारी राज्यांनी मिळून काढावी, एकट्या म्हाराष्ट्रानं न्हाई. त्याशिवाय माझा होकार न्हाई.

घाटमाथा

शिरोळकरांच्या अटीत माझी एक अट घाला. भुदरगडच्या उतारावरचे नमुने गेल्या शतकाच्या पावसाशी जुळतात का, ते आधी जाहीर व्हावं, टीएमसीचा आकडा त्यानंतर. तोवर माझा विरोध कायम.

सागवान वखार

दोघांचं होईल तेव्हा होईल. वाडे मात्र दर महिन्याला पडतायत आणि तुळया रंधून फर्निचरला जातायत. कुणाच्या गल्लीत जुना वाडा उतरवत असतील तर सालीकडचा पांढरा भाग शाबूत असलेल्या टोकाची दोन इंच चकती कापून ठेवा. त्यावर वाड्याचा पत्ता आणि तुळई कुठल्या खोलीतली ते लिहा. आमच्याकडे आणून दिलीत तर कोरड्या जागेत ठेवू, पैसे नाही घेणार.