हत्तींची भेट, हत्तींची आंघोळ : परदेशातले तुमचे अनुभव

थायलंड, श्रीलंका, नेपाळ, केनिया... आपल्यातले बरेच जण तिकडे हत्तींना भेटून आलेत. फोटो सगळ्यांकडे असतील, पण जवळून काय दिसलं ते लिहा. आणि हेही लिहा की त्या भेटीत हत्तीला काय मिळालं. सुरुवात मी करते, पुढे आपापल्या ठिकाणाचं नाव वर देऊन तुम्ही लिहा.

माए तेंग, चियांग माई (थायलंड)

नदीकाठचा छोटा कॅम्प. गेल्या गेल्या तिथल्या करेन या डोंगरी जमातीच्या पद्धतीचे सैल सदरे घालायला दिले. मग भात, चिंच, मीठ आणि केळी कालवून आम्हीच लाडू वळले. आमच्या वाट्याला आलेली हत्तीण म्हातारी होती. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चावणं संपलं. म्हणून तिच्यासाठी भोपळा वाफवायचा, केळी सोलायची. तिच्या कानांच्या कडा आणि सोंड गुलाबी ठिपक्यांनी भरली होती. सोंडेच्या टोकाला बोटासारखा एक अवयव असतो, त्याने तिने तळहातावरचा लाडू इतक्या हलक्या हाताने उचलला, की मला लागला तो फक्त तिचा गरम, ओला श्वास.

नंतर नदी. बादलीने पाणी ओतायचं, ब्रशने पाठ घासायची. पाठीवरचे केस काथ्यासारखे राठ, चांगलेच टोचतात. मी अगदी हरखून गेले होते. ती मात्र पाण्याबाहेर आली आणि सोंडेने माती घेऊन सरळ पाठीवर उधळायला लागली. ऊन आणि माश्यांपासून बचाव होतो तो मातीच्या थराने, आणि तोच आम्ही घासून काढला होता! दिवसातून किती वेळा आंघोळ घालतात असं माहुताला विचारलं. म्हणाला, जितके गट येतील तितक्या वेळा.

त्या माहुताला दोष द्यावासा वाटत नाही. १९८८ च्या महापुरानंतर १९८९ मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी आणली आणि ओंडके ओढणारे हत्ती एका फटक्यात बेकार झाले. बरेच पर्यटनात आले. २०२० मध्ये पर्यटक थांबले, तेव्हा कित्येक माहूत हत्तींना घेऊन डोंगर तुडवत आपापल्या गावी गेले. माहूत आणि हत्ती, दोघांचं पोट आपल्या तिकिटावर चालतं. त्यामुळे जाऊच नका असं मी म्हणणार नाही. पण मी पुन्हा गेले तर आंघोळ घालणार नाही.

पिन्नावला (श्रीलंका)

आईबाबांना घेऊन गेलो होतो. अनाथ पिल्लांसाठी १९७५ मध्ये सुरू झालेलं हे सरकारी केंद्र. कळप दुकानांच्या गल्लीतून रस्ता ओलांडून महा ओया नदीवर येतो, आपण काठावरून बघायचं. आईने हात जोडले. काहींच्या पायात साखळ्या होत्या, त्या बघवल्या नाहीत. पण पिल्लं पाण्यात एकमेकांवर लोळत होती, ते बघून बाबा तासभर जागचे हलले नाहीत.

नैरोबी (केनिया)

नोकरीनिमित्त इथेच राहतो, पाहुणे आले की शेल्ड्रिक ट्रस्टच्या अनाथ हत्ती-पिल्लांच्या पाळणाघरात ठरलेली फेरी असते. लोकांसाठी सकाळी ११ ते १२, एवढा एकच तास. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, आंघोळबिंघोळ काही नाही. पिल्लं आपली आपण लाल चिखलात लोळतात. गाईच्या दुधातली चरबी त्यांना पचत नाही, त्यामुळे ट्रस्टच्या संस्थापक डॅफ्ने शेल्ड्रिक यांना वर्षानुवर्षं खटपट करावी लागली, तेव्हा कुठे नारळाचं तेल असलेलं दूध लागू पडलं.

मला सगळ्यात भिडतं ते घोंगडीचं. अगदी लहान पिल्लासाठी घोंगडी टांगतात. पिल्लू तिला सोंड टेकवतं, आईच्या पोटाचा आधार मिळाल्यासारखं होतं, मग बाटली तोंडात घेतं. रात्री सांभाळणारा माणूस पिल्लाजवळच झोपतो. एकाच माणसाचा लळा लागू नये म्हणून माणसं बदलत राहतात, कारण पुढे पिल्लांना त्सावोच्या जंगलातल्या रानटी कळपात जायचं असतं. हत्तीला काय मिळालं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं.

सौराहा, चितवन (नेपाळ)

ताई, तुमचं पटतंय, तरी माझंही लिहिते. राप्ती नदीत हत्तिणीच्या पाठीवर बसले आणि तिने सोंड भरून पाणी माझ्यावर उडवलं. माहुताने काही शब्द उच्चारले की उडवायची. तो आनंद खरा होता, आजही आहे. तिला तसं शिकवताना काय काय केलं असेल, हा प्रश्न आता तुमचं वाचून पडलाय.

उडवालावे (श्रीलंका)

पिन्नावलाला जाणाऱ्यांनी इथेही जावं. १९९५ पासून अनाथ पिल्लं वाढवून पुन्हा जंगलात सोडतात. ठरावीक वेळी दूध पाजताना फक्त लांबून बघता येतं, हात लावायचा नाही. ताई, मुलगी सात वर्षांची आहे, थायलंडला न्यावं का?

माए तेंगवाली

जरूर न्या. बुकिंगच्या आधी फोन करून विचारा : पाठीवर बसवता का? आंघोळ घालायला लावता का? पिल्लं आईजवळ असतात का? रात्री मोकळं सोडता का? चियांग माईजवळच्या एलिफंट नेचर पार्कने पाहुण्यांकडून आंघोळ घालणं बंद केलंय, तिथे लांबून बघता येतं. मुलं लहान असतील तर पाण्यात मुळीच उतरू नका. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये हत्तीला आंघोळ घालताना एका तरुण स्पॅनिश विद्यार्थिनीचा जीव गेला. आणि लाडू वळायला मिळाले तर मुलीला नक्की वळू द्या.