कंपन्यांनी दिलेले विद्यार्थी-प्रकल्प : करार कसे सांभाळता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचं समन्वयन यंदा माझ्या गळ्यात पडलंय. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या लेकरांना कंपन्यांचे प्रकल्प मिळतात, ही चांगलीच गोष्ट. घोळ आहे तो करारांचा. कुणी दोन ओळींचा मेल पाठवतं, कुणी बारा पानी इंग्रजी मसुदा. लेकरं गेटवरच्या रजिस्टरवर सही ठोकतात तशीच त्यावरही ठोकून मोकळी होतात.

मागच्या बॅचचं उदाहरण सांगतो. चौघांच्या एका गटाने प्रेस मशीनमधून निघालेल्या पार्टच्या कडेला राहिलेली बर (धातूची नको असलेली खरखरीत कड) कॅमेऱ्याने ओळखणारा प्रोग्राम लिहिला. पार्ट, ड्रॉइंग आणि कॅमेऱ्याचे पैसे कंपनीचे. मुलाखतीत दाखवायला म्हणून एकाने कोड गिटहबवर (कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवायची वेबसाइट) टाकला, सोबत पार्टचे फोटो, मापांसकट. कंपनीचा फोन थेट प्राचार्यांना. करार काढा म्हटलं तर करारच सापडेना! गाईड सर तासिका तत्त्वावर होते, ते दुसरीकडे लागले आणि सही केलेली प्रत त्यांच्या खासगी मेलमध्ये राहिली. शेवटी कंपनीच्या एचआरनेच स्कॅन पाठवला. पाहतो तर प्रकल्पातून निघेल ते सगळं कंपनीचं, असं एक कलम. खाली सही एकट्या गटप्रमुखाची. कॉलेजतर्फे नुसता विभागाचा शिक्का.

आता या वर्षीचे गट ठरायच्या आत एक नमुना तयार करायचाय. मालकीचं कलम कसं लिहिता? सगळं उचलून कंपनीला द्यायला माझं मन घेत नाही, पण फार ताणलं तर कंपन्या पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाहीत. गोपनीयता पाळायची म्हटली तर बाह्य परीक्षक आणि ग्रंथालयातल्या अहवालाचं काय करता? आणि या कागदांची नोंद नेमकी कुठे ठेवता?

प्रतिसाद
वकिली करतो म्हणून मालकीपुरतं बोलतो. विद्यार्थी हा कंपनीचा नोकर नाही, इथून सुरुवात करा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं होतं. तुमच्या पोरांना हे लागू नाही, म्हणून कोडचे पहिले मालक ते चौघेच. (स्टायपेंड देऊन इंटर्न म्हणून घेतलं असेल तर आधी ते पत्र वाचा, मामला बदलू शकतो.) हक्क कंपनीला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. बाकी तिघांनी अधिकार दिलेला नसेल तर गटप्रमुखाच्या सहीने त्यांचा हक्क जात नाही.

आणखी एक, कलम १९. हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ते ५ वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. बारा पानी मसुद्यांतही हे सुटलेलं पाहिलंय.

माझा सल्ला : कंपनीने आणलेलं कंपनीचं. नव्या कोडची मालकी पोरांकडे, कंपनीला तो वापरायचा कायमचा परवाना. पोरांना अहवालात आणि मुलाखतीत काम दाखवायची मुभा, पार्टचे फोटो आणि मापं वगळून. बहुतेक कंपन्यांना यापेक्षा जास्त नकोच असतं, मसुदा मात्र त्या दुसऱ्या कुठल्या तरी कामाचा चिकटवतात.

पेटंटजोगं काही असेल तर अर्ज आधी, प्रदर्शन नंतर. प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये सगळ्यांसमोर मांडलंत की नावीन्य गेलं. तात्पुरता अर्ज करून ठेवला तर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

प्रतिसाद
मी जालन्यात पॉलिटेक्निकला आहे. आमच्याकडे रोलिंग मिलवाल्यांचे प्रकल्प येतात. दहावीनंतर आलेली कित्येक पोरं तिसऱ्या वर्षालाही अठराच्या आतली असतात. करार कायदा, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञानाला (म्हणजे अठराच्या आतल्याला) करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल हे १९०३ पासून ठरलेलं आहे. आम्ही करार कॉलेज आणि कंपनीतच करतो, पालकांचं संमतिपत्र वेगळं घेतो. तुमच्याकडेही डिप्लोमाचा विभाग असेल तर जन्मतारखेचा रकाना टाकाच.

प्रतिसाद
नांदेडहून. नोंदीचं सांगतो, कारण खरा घोळ तिथंच होतो. गाईड बदलतात, पोरं पुण्याला जातात आणि तीन वर्षांच्या गोपनीयतेचा करार कुणाच्या ध्यानातही राहत नाही. आम्ही प्रत्येक कराराला आवक क्रमांक देतो आणि तोच क्रमांक प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर छापतो. क्रमांक नाही तर विषयाला मान्यता नाही. स्कॅन विभागाच्या मेलवर, कुणाच्या खासगी मेलवर नाही. रजिस्टरमध्ये सह्या कुणाच्या, गोपनीयता कधी संपते आणि पोरांचा कायमचा मेल. कॉलेजने दिलेला मेल पास झाल्यावर बंद होतो हे विसरू नका.

अहवालाच्या दोन प्रती करतो. पूर्ण प्रत परीक्षेपुरती, ती कंपनीला परत. ग्रंथालयात आकडे आणि ड्रॉइंग गाळलेली. परीक्षकाकडून एक पानी हमी घेतो. पण त्याआधी तो कुठे कामाला आहे ते बघा. वाळूजमध्ये शेजारच्या शेडमधला स्पर्धकच परीक्षक म्हणून यायचा!

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. परवान्याचं कलम आणि चौघांच्या सह्या, एवढं घालून मसुदा विभागात फिरवतो. मुद्रांक २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराचा पाचशेवर गेलाय, तो खर्च कंपनीनेच करावा असंही लिहितो. एकच शंका उरली : कॉलेजतर्फे सही प्राचार्यांची की संस्थेच्या सचिवांची?

प्रतिसाद (वकील)
संस्थेचा ठराव काढून बघा. त्यात ज्याला अधिकार दिलाय त्याचीच सही, आणि ठरावाची प्रत कराराला जोडा. विभागाच्या शिक्क्याला काही अर्थ नाही.