लंडन-न्यूयॉर्क अंतर एकच, मग जायला आठ तास आणि यायला सात कसे?

प्रश्न
अंतर काढायच्या साइटवर लंडनचं हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचं जेएफके साधारण ५,५४० किमी दाखवतंय. विमानाचा स्पीड ९०० धरला तर सव्वासहा तासांच्या आत पोचायला हवं ना? पण तिकिटावर जाताना जवळपास ८ तास आणि येताना ७ तास. पुढची कनेक्टिंग फ्लाइट बुक करायचीय, नक्की कुठला आकडा धरू?

उत्तर १
तिकिटावरचाच धरा. साइट देते ते पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात कमी अंतर, आणि तिकिटावरची वेळ असते गेट ते गेट. म्हणजे विमान मागे ढकलतात तिथपासून, मग जमिनीवरून रनवेपर्यंत चालत जाणं (टॅक्सी), रनवेसाठी लाइन, उतरताना आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या तर त्यापण त्यातच आल्या. शिवाय १० हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी ४६३ किमीच, त्यामुळे ९०० चा स्पीड मधल्या टप्प्यातच मिळतो.

उत्तर २
वरचं सगळं बरोबर, पण जाण्यायेण्यातला फरक पडतो तो वाऱ्यामुळे. विमानं उडतात त्या उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात फारच जोरात. समजा वारा १२० चा आहे, तर न्यूयॉर्कला जाताना जमिनीच्या हिशोबाने स्पीड ७८० उरतो आणि येताना १,०२० होतो, मग ५,५४० ला भागून बघा, ७ तास ६ मिनिटं आणि ५ तास २६ मिनिटं, त्यात जमिनीवरचा वेळ मिळवा. मी येताना सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड १,०५० च्या वर गेलेला बघितलाय, जाताना तोच ८०० च्या आसपास रेंगाळत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं! अटलांटिकवरचे ट्रॅक, म्हणजे विमानांचे ठरवलेले मार्गसुद्धा रोज वारा बघून आखतात, त्यामुळे अंतर थोडं वाढलं तरी वेळ वाचतो.

उत्तर ३
कळकळीने सांगतो, कनेक्शन टाइट ठेवू नका. मी ५५ मिनिटांच्या गॅपवर विसंबलो, समोरून वारा जास्त होता, पोचायला ४० मिनिटं उशीर झाला आणि पुढचं गेट डोळ्यादेखत बंद झालं. दोन्ही फ्लाइट एकाच बुकिंगमध्ये घ्या, म्हणजे पुढची चुकली तर दुसरी देण्याची जबाबदारी एअरलाइनची राहते.

प्रश्नकर्ता
खूप आभार सगळ्यांचे, एकाच बुकिंगमध्ये घेतो. अजून एक, येतानाचं तिकीट मार्चमधलं आहे, न्यूयॉर्क संध्याकाळी ७ आणि लंडन सकाळी ६, हे ११ तास कसे झाले?

उत्तर २
दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. एरवी लंडन ५ तास पुढे असतं, पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी, तेवढे दिवस फरक ४ तासांचाच. ११ मधून ४ वजा करा, तुमचे ७ तास बरोबर जुळतात.