जुनी स्नोबोर्ड बाइंडिंग घ्यावी का? बजेट ४ हजार, गुलमर्गसाठी

पांझराकाठ:
राम राम मंडळी. मी धुळ्याचा. गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला स्नोबोर्डिंगचा कोर्स केला, येत्या फेब्रुवारीत परत जातोय. बोर्ड आतेभावाने दिलाय, १५५ सेंमीचा, स्क्रूची भोकं चार-चार सेंटिमीटरवर आहेत. बूट नवे घेतले, ८ नंबर. राहिली बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला धरून ठेवणारी जोडणी. नाशिकला एका काकांकडे २००५ च्या आसपासची जोडी आहे, पट्ट्यांची, ४ हजार सांगताहेत. माझ्याकडे तेवढेच आहेत. फोटोत बरी दिसते, पण साइजचा शिक्का पुसलाय आणि बरीच वर्षं माळ्यावर पडून होती. रविवारी बघायला जायचंय. तिथे नेमकं काय तपासू? वजन ७२ किलो, डावा पाय पुढे.

भुसावळ_जंक्शन:
विकत कशाला घेता भाऊ? गुलमर्गला सगळं भाड्याने मिळतं. आम्ही दरवर्षी हात हलवत जातो न् हात हलवत येतो. झेलमने जम्मू, पुढे कटऱ्याहून वंदे भारतने थेट श्रीनगर. एवढं ओझं घेऊन रेल्वेत चढणार कसं?

नंदुरबारी_मिरची:
जुनं घेऊच नका. मी बर्टन कंपनीची स्टेप ऑन बाइंडिंग वापरतो. पट्टीच नाही, बूट टेकवला की खटकन बसतो. बर्फात बसून पट्ट्या आवळायची कटकट संपली. तिचेच बूट लागतात, बुटांसकट पन्नास हजाराच्या पुढे जाईल, पण एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यायचं.

पांझराकाठ:
@नंदुरबारी_मिरची बजेट ४ हजार आहे. बूटही घेऊन झालेत.

सातपुडा_भटक्या:
भो, मन्हं आयक, जुनं लेऊ नको. मी अशीच जुनी जोडी घेतली होती. दुसऱ्या टप्प्याच्या गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वर अफरवट डोंगरावर गेलो, उतरायला लागलो आणि घोट्याच्या पट्टीचं रॅचेट, म्हणजे दातेरी पट्टी आवळून धरणारी खटकी, सुटलं. दात घासून गुळगुळीत झाले होते, खोलीवर घट्ट बसायचं, वजन आलं की सरकायचं. वर कोणी दुरुस्त करून देणारं नाही. पट्टी दोरीने बांधून गुडघाभर बर्फातून खाली यायला दुपार गेली. आता माझ्या बॅगेत जादा रॅचेट, जादा पट्टी आणि तीन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर कायम असतो.

केळीबाग_रावेर:
डिन सेटिंग, म्हणजे किती जोर आला की बाइंडिंग सुटेल तो आकडा, तपासून घ्या. वजनाप्रमाणे लावलं नसेल तर पडल्यावर बाइंडिंग सुटत नाही आणि गुडघा जातो. माझ्या मेव्हण्याचा असाच गेला, औलीला.

तापीकाठची:
@केळीबाग_रावेर दादा, ते स्कीचं. स्कीची बाइंडिंग पडल्यावर सुटायला बनवलेली असते म्हणून तिला डिन. स्नोबोर्डची सुटतच नाही, दोन्ही पाय बोर्डला धरून ठेवणं हेच तिचं काम. म्हणून इथे प्रश्न एकच, ती धरून ठेवेल का.

केळीबाग_रावेर:
ताई, मेव्हणा स्कीवरच होता हे खरं. पण गुडघा गुडघाच असतो, जपायलाच हवा.

भुसावळ_जंक्शन:
गुडघ्याचं खरंय. भाड्याच्या दुकानात ते स्वतः सगळं लावून देतात.

साचेवाला:
मी जळगाव एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगमध्ये आहे, प्लास्टिक तोडून बघणं हे माझं रोजचं काम. २००५ चं की २०१५ चं यापेक्षा ते ठेवलं कुठे होतं ते आधी विचारा. माळा पत्र्याखाली आहे की स्लॅबखाली? आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त. सुक्या उन्हाळ्यात नायलॉनमधला ओलावा उडतो आणि ते कडक, ठिसूळ होतं. पॉलियुरेथेनचं उलटं, ते ओलाव्याने आतून कुजतं. जुन्या ट्रेकिंग बुटांचे तळवे अचानक गळून पडतात ते यामुळेच.

तिथे गेल्यावर मोबाइलची बॅटरी तिरपी मारून बघा. बोर्डला स्क्रूने बसते त्या मधल्या गोल डिस्कभोवतीची कड, टाचेचा कप खालच्या बेसप्लेटला जोडलाय ती जागा आणि मागच्या उंच पाठीची, म्हणजे हायबॅकची, बिजागरी. तडा बहुतेक याच तीन ठिकाणी सुरू होतो. पांढरट रेघ दिसली तर तिथे प्लास्टिक ताणलं गेलंय, पुढे तुटणारही तिथेच. पट्टीतला फोम नखाने दाबा. चिकट लागला किंवा भुगा झाला तर ती पट्टी गेली समजा.

आणि दातेरी पट्ट्या सोडवून एक रात्र आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे उणे १८ च्या आसपास असतं. काढल्या काढल्या वाकवा. नाशिकच्या हवेत वाकलेली पट्टी थंडीत वाकेलच असं नाही. थिनर, पेट्रोलने पुसू नका आणि स्क्रूवर लॉक करायचं लिक्विड सोडू नका. बेस पॉलिकार्बोनेटचा निघाला तर त्याने बारीक तडे जातात.

नंदुरबारी_मिरची:
एवढी परीक्षा घेण्यापेक्षा नवीन घ्या.

तापीकाठची:
साचेवाल्यांनी सांगितलं ते करा, पण आधी स्वतःचे बूट घेऊन जा. मापाला बसली नाही तर बाकी तपासून उपयोग काय? बुटाची टाच कपात पूर्ण टेकली पाहिजे आणि आडवी हलता कामा नये. टाच हलली की तुम्ही वळता आणि बोर्ड मागून वळतो. घोट्याची पट्टी बुटाच्या मध्यावर यायला हवी, दातेरी पट्टी शेवटच्या दातावर अडकत असेल तर माप चुकलंय. एक गोष्ट कोणी सांगितली नाही. हल्लीचे बूट त्याच नंबरात बाहेरून आखूड असतात, म्हणून तुमच्या नव्या ८ नंबरला जुनी मध्यम साइजही सैल होऊ शकते.

डिस्कवर चार भोकांची मांडणी आहे का बघा. बर्टनची जुनी त्रिकोणी, तीन भोकांची डिस्क असेल तर तुमच्या बोर्डावर बसणार नाही. त्या काळात पट्ट्या नसलेल्या, खास बुटात अडकणाऱ्या बाइंडिंगही होत्या, तुमची पट्ट्यांचीच आहे ते बरं. पुढची पट्टी बोटांवरून जाणारी असेल, आताची टोकाला टोपीसारखी धरते. चालून जाईल.

सातपुडा_भटक्या:
स्क्रू हरवले असतील तर आग्रा रोडच्या दुकानातून उचलू नको भो. एम-६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, मिळेल, पण लांबी चुकली तर तळाला फुगवटा येतो आणि बोर्ड जातो. पहिल्या उतारानंतर सगळे एकदा आवळ.

केळीबाग_रावेर:
आणि डावा पाय पुढे म्हणजे रेग्युलर ना? आमच्या इथे सगळे उजवा पुढे ठेवतात.

पांझराकाठ:
हो, रेग्युलर. तर रविवारी जाऊन आलो. माळा स्लॅबखालचा निघाला, जोडी गोणपाटात बांधून ठेवली होती. डिस्क चार भोकांची, बोर्डला बसते. स्क्रू आठही आहेत. बेसप्लेट, टाचेचा कप, बिजागरी बॅटरी मारून दोनदा पाहिली, तडा नाही, पांढरी रेघ नाही. फोम घट्ट. टाच थोडी हलते, तापीकाठचींनी सांगितलं तशीच. काकांना विचारून चारही दातेरी पट्ट्या घरी आणल्या आणि आमच्या गल्लीतल्या कुल्फीवाल्याकडे रात्रभर ठेवल्या. सकाळी वाकवल्या, तर घोट्याच्या दोन्ही कडाडकन मोडल्या. बोटांवरच्या दोन्ही वाकल्या.

काकांना मोडके तुकडे दाखवले. ते २,२०० वर आले. मी घेतली. उरलेल्या पैशांत घोट्याच्या नव्या दातेरी पट्ट्या आणि रॅचेट मागवतोय. भाड्याचा सल्ला मनापासून पटला, पण गेल्या वर्षी भाड्याची जोडी रोज वेगळी मिळायची आणि सकाळचा अर्धा वेळ ती जुळवण्यात जायचा. मला रोज तीच जोडी पायाखाली हवी आहे. यंदा खालच्या सोप्या उतारावरच राहणार, अफरवटला जाणार नाही.

तापीकाठची:
टाच हलते तरी घेतलीत, हे मला पटलेलं नाही. नवी पट्टी टाच धरणार नाही. बुटाच्या पंजाखालची आधाराची प्लेट पुढेमागे होते का बघा. होत असेल तर बूट नीट मागे बसेल इतकी सरकवा आणि बोर्डच्या दोन्ही कडांबाहेर बूट सारखा येतोय ना ते तपासा. तरीही हलली तर परत करा.

भुसावळ_जंक्शन:
मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. झेलमला बोर्ड खालच्या बर्थखाली तिरपा बसतो, तिकीट काढताना खालचाच मागा.

सातपुडा_भटक्या:
नवीन पट्टी मागवायच्या आधी जुनीची रुंदी आणि दातांमधलं अंतर मोज. कंपनीगणिक वेगळं असतं, रॅचेटमध्ये शिरतच नाही मग. आणि दोनाऐवजी तीन मागव.

साचेवाला:
मोडलेले तुकडे टाकू नका. जळगावला कोणी येणार असेल तर पाठवा. मोडलेल्या जागेवरून ते नायलॉन आहे की युरेथेन ते कळेल, म्हणजे बोटांवरच्या दोन पट्ट्या अजून किती भरवशाच्या तेही सांगता येईल. तोवर त्या वापरू नका.